मसालेभाताआधीचं मत

कुमुद, रविवारी आपल्या मराठी मंडळाची सभा आहे आणि मी बोलायला उभी राहणार आहे. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागाहून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुशे, आधी पाणी पिऊन घे, मग बोल." चहा घेतलाय समोर. आता बोलते.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. इथे इंग्लंडात माणूस गेल्यावरही रांगेत थांबावं लागतं. क्रेमेटोरियमचा स्लॉट मिळायला दहा दिवस लागले, आणि मिळाला तो अर्ध्या तासाचा. गुरुजींचे मंत्र, तुझ्या लेकीचं इंग्रजीतलं भाषण, फुलं, सगळं त्यातच. मी बोलायला उठले तेव्हा मंडळाच्या मेजरसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "सुशीलाताई, दोन मिनिटं." त्या दोन मिनिटांत मी नुसती रडले. काय बोलायचं ते राहूनच गेलं. तेच आता लिहायला बसलेय.

मेजरसाहेबांना नावं ठेवत नाहीये हं. सैन्यात डॉक्टर होता माणूस, त्याला वेळेचं कळतं. गाड्या कुणी कुठे लावायच्या इथपासून तुझ्या नवऱ्याला, डॉक्टरांना, कोटाची बाही चढवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. तुझे डॉक्टर तर खुर्चीत बसवलं की बसायचे, उठवलं की उठायचे. पन्नास वर्षांचा संसार, बाई. तू त्यांना अंडं उकडायलासुद्धा शिकवलं नाहीस.

पण मला बोलायचंय ते अकरा नंबरच्या बसबद्दल.

आपल्या दोघींना साठीनंतर बसचा पास मिळाला तेव्हाची गोष्ट. मी हॉस्पिटलच्या किचनमधून नुकती रिटायर झालेली, माझे हे जाऊन दोन वर्षं झालेली, आणि घरात सून म्हणायची, "आई, तुम्ही आराम करा." आराम म्हणजे काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तू म्हणालीस, "चल, शहर बघून येऊ." मी म्हटलं, तीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहतेय, बघायचं काय राहिलंय? तर तू मला अकरा नंबरच्या बसमध्ये बसवलंस. ही बस शहराला बाहेरून वळसा घालते आणि अडीच तासांनी जिथे चढलो तिथेच आणून सोडते. साडेनऊनंतर पास चालायचा, म्हणून आपण दर बुधवारी पावणेदहाला चढायचो. खाली, ड्रायव्हरच्या मागची सीट. डब्यात तुझे कोरडे ठेपले आणि माझी चटणी. तू नागपूरची असून ठेपले का करायचीस हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

आणि त्या बसमध्ये तू मला फ्रान्सची राज्यक्रांती सांगितलीस.

मी सातवी पास, तेही सांगलीजवळच्या शाळेत, जिथे इतिहास म्हणजे मास्तरांनी फळ्यावर लिहायचं आणि आपण उतरवून घ्यायचं. तू नागपूरची एम.ए., इथल्या लायब्ररीत जन्म काढलेली. पण तू कधी मास्तरीण झाली नाहीस. शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगायचीस. राजा कसा होता? "अगं, वाईट नव्हता, पण कुणी काही विचारलं की शिकारीला निघून जायचा." राणी? "तिला दुकानात भाव विचारायची वेळच आली नाही कधी." एका फेरीत भाकरीवरून मोर्चा, दुसऱ्या फेरीत राजाचं पळून जाणं, तिसरीत त्याचं डोकं. ते डोक्याचं तू सांगत होतीस तेव्हा मागच्या सीटवरचा सरदारजी म्हातारा पुढे वाकून ऐकत होता. त्याला मराठीतलं किती कळलं देव जाणे, पण त्याने उतरायचा स्टॉप सोडला.

पुढचे चार बुधवार तू नुसती माणसं मारत होतीस. ज्यांनी राजाला मारलं त्यांना दुसऱ्यांनी मारलं, त्यांना तिसऱ्यांनी. मी म्हटलं, "कुमुद, आता पुरे, मला चटणी खाववत नाही." तू म्हणालीस, "बाई, मी थोडीच मारून राहिले? झालं ते सांगून राहिले."

मला सगळ्यांत आवडलेल्या त्या बाजारातल्या बायका. पॅरिसमध्ये भाकरी मिळेना म्हणून पावसात चिखल तुडवत राजाच्या महालावर गेल्या आणि राजाला बायकोमुलांसकट शहरात घेऊन आल्या. ती गोष्ट मी तुझ्याकडून तीनदा सांगून घेतली.

पुढचं तुला माहीतच आहे, पण रविवारी जे या गोष्टीत नव्हते त्यांनाही सांगावं लागेल, म्हणून लिहून काढते. आपल्या मंडळात तेव्हा एका घराला एक मत होतं, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषाचं. सुरुवातीला चार डॉक्टरांनी मंडळ काढलं तेव्हा कुणीतरी असं लिहून ठेवलं आणि तीस वर्षं कुणी वाचलंच नाही. मग एका सभेत तू हात वर करून उभी राहिलीस. मुलांचे मराठीचे वर्ग शनिवारी तू घ्यायचीस, दिवाळी अंक तू काढायचीस, आणि अध्यक्ष हसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या घराचं मत डॉक्टरांनी दिलंय." लोक हसले. डॉक्टरही हसले. तू खाली बसलीस. माझं तर त्याहून मजेशीर. माझे हे गेल्यावर आमच्या घराचं मत मुलाच्या नावावर गेलं होतं, आणि मुलगा तेव्हा शंभर मैलांवर ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, घरी फक्त शनिवार-रविवार. त्याला मंडळाचं गणपतीचं गाणं सोडून काही माहीत नाही.

त्या बुधवारी बसमध्ये तू डबाही उघडला नाहीस. मीच म्हटलं, "त्या बायकांकडे भाकरी नव्हती म्हणून त्या गेल्या. आपल्याकडे भाकरी आहे. आपण ती न वाढता जाऊ."

तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. म्हणालीस, "सुशे, तू इतिहास वाचला असतास तर मला नोकरी मिळाली नसती."

गणपतीच्या जेवणाच्या दिवशी आपण सतरा बायका स्वयंपाकघरातून बाहेर आलो. हातात रिकामी पातेली. आत सगळं शिजून तयार, वर झाकणं, झाकणांच्या राखणीला चिमणाताई बसलेल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. बाहेर शंभर-सव्वाशे माणसं पंगतीला. अध्यक्ष म्हणाले, "हे काय चाललंय?" तू म्हणालीस, "काही नाही, भाऊ. आज वाढण्यासाठी कर्त्या पुरुषांना बोलवा." तासाभरात ठराव झाला. प्रत्येकाला एक मत. वरण पुन्हा उकळावं लागलं, पण मला ते जेवण आठवतं. आयुष्यात इतकी भूक कधी लागली नव्हती.

मग पॅरिसची सहल. पहाटे कोच, मग बोट, मग पुन्हा कोच. जिथे तो तुरुंगाचा किल्ला लोकांनी फोडला तिथे तू मला घेऊन गेलीस, तर तिथे नुसता चौक, मध्ये एक खांब आणि भोवती गाड्या. मी म्हटलं, "किल्ला कुठाय?" तू म्हणालीस, "पाडला ना. दगडसुद्धा विकून टाकले." मी त्या फुटपाथवर उभी राहून म्हटलं, निदान एक बुरूज तरी ठेवायचा. किल्ल्याशिवाय पोरांना काय दाखवणार?

आणि तिथेच मला पहिल्यांदा कळलं की तुझं मन दुसरीकडे आहे. सोनेरी घुमटाखाली त्या सेनापतीची कबर आहे, तोच जो क्रांतीच्या पोटातून वर आला आणि बादशहा होऊन बसला. कबर खोल खड्ड्यात. वरच्या कठड्यावरून वाकून बघावं लागतं. मी म्हटलं, "बघ, मेल्यावरही माना वाकवायला लावतोय." सगळे पुढे गेले. तू तिथेच. नंतर कोचमध्ये कबूल केलंस की कॉलेजात असताना वहीत त्याचं चित्र होतं.

"कामाचा माणूस होता, सुशे. दहा वर्षं नुसता गोंधळ होता तिथे. त्याने कायदा दिला, शाळा दिल्या, रस्ते दिले. लोकांना झोप हवी होती गं."

"आणि त्या भाकरीवाल्या बायकांना काय दिलं?"

तू खिडकीबाहेर बघितलंस. मग खरं तेच सांगितलंस, तुझा तो गुण होता. त्याच्या कायद्यात लिहिलं होतं, बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. मी तुला कोपर मारलं. बोट येईपर्यंत आपण भांडत होतो. तू म्हणालीस, अकरा नंबरसारखंच झालं त्यांचं, राजापासून निघाले आणि बादशहापाशी उतरले. मी म्हटलं, मग मधल्या स्टॉपवर चढलेल्या माणसांचं काय? ती काय चढलीच नाहीत? ते भांडण तिथेच आहे. ना तुझं संपलं ना माझं.

खरं सांगायचं तर आपलंही राज्य काही धड चाललं नाही. प्रत्येकाला मत मिळालं आणि प्रत्येकाला मत आहे हेही कळलं. झुणका करायचा की नाही यावर दीड तास. गणपती कॅनॉलमध्ये सोडायचा की बादलीत, यावर दोन सभा. तीन वर्षांत चार सेक्रेटरी. आपल्याकडे डोकी उडवायची सोय नव्हती म्हणून लोक राजीनामे द्यायचे. चिमणाताई आणि तुझी लाडकी शैला एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दिवाळीचं नाटक तालमीतच मेलं. आणि तूच निवडून आणलेल्या पोरांनी तुझ्याच हातून मराठीचे वर्ग काढून घेतले, म्हणे तुझी शिकवण्याची पद्धत जुनी. तू येऊन माझ्याकडे दोन तास बसलीस. मी भाकऱ्या थापत राहिले.

आणि मग ती सभा. मेजरसाहेब नव्यानेच सभासद झालेले. उंच, स्वच्छ, आवाज असा की माइक लागत नाही. तू अध्यक्षस्थानी. चार तास झालेले, हॉलचं बुकिंग पाचपर्यंत, केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात. आत मसालेभात तयार, वास हॉलभर. कुणीतरी म्हणालं, एक वर्ष मेजरसाहेबांकडेच सगळं सोपवा, निवडणूक नको, कमिटी नको. आणि तू, कुमुद, तू माइकवर म्हणालीस, "हात वर करा बाप्पा पटकन, म्हणजे पानं वाढता येतील."

हात वर गेले. सैनिक नाहीत, संगिनी नाहीत. मसालेभातावर राज्य गेलं.

पुढचे तीन महिने मी तुझ्याशी बोलले नाही. तीन महिन्यांचे बुधवार. आणि त्याआधी फोनवर तुला काय काय म्हटलं मी. "जन्मभर इतिहास वाचलास आणि जेवायची वेळ झाली म्हणून विसरलीस?" तू म्हणालीस, "एका वर्षाचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं, "तुझा सेनापतीही आधी दहाच वर्षांसाठी आला होता ना? मग जन्मभरासाठी. मग बादशहा." हे सगळं तूच शिकवलेलं, तुझ्याच तोंडावर मारलं. आणि तू विचारलंस, "तेव्हा तू काय केलंस, सुशे? तुझा हात कुठे होता?" मी म्हटलं, "मी आत होते. भात उकरत होते. मला कुणी विचारलंच नाही." आणि फोन ठेवला.

एका वर्षाचं दुसरं वर्ष झालं. आरती वेळेवर होऊ लागली, हॉल चकाचक, पोरं रांगेत. मग तुला तो आजार निघाला, आणि दर आठवड्याला तुला हॉस्पिटलमध्ये कोण नेत होतं? मेजरसाहेब. मी दोन बस बदलून डबा घेऊन यायचे तर ते तुझ्या कॉटशेजारी बसून तुला पेपर वाचून दाखवत असायचे. मला बघून उठायचे, खुर्ची द्यायचे. सांग, अशा माणसाशी भांडायचं कसं?

तूच सांगितलंस. शेवटच्या आठवड्यात. म्हणालीस, "सुशे, शेवटचा भाग राहिला ना गं."

"कुठला?"

"सेनापतीचा. तू ऐकूनच घेतला नाहीस."

"काय झालं ते मला माहीत आहे."

"काय झालं ते माहीत आहे. कसं झालं ते नाही."

आणि थांबत थांबत तू सांगितलंस. लाल झगे घातलेले सभासद, तो आत आला तेव्हा त्यांनी त्याला ढकललं, तो घाबरला, बोलता येईना, शिपायांनी त्याला बाहेर काढलं. जवळजवळ हरलाच होता. मग शिपाई संगिनी घेऊन आत शिरले आणि सभासदांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. "पण ते नंतरचं," तू म्हणालीस. "आधी त्याला बोलावलं कुणी? जुन्या क्रांतीवाल्यांनीच. त्यांना वाटलं, याला थोडे दिवस वापरू, गोंधळ आवरेल. दार त्याने फोडलं नाही, सुशे. आतून उघडलं. थकलेल्या माणसांनी उघडलं." मग डोळे मिटलेस. "मीही थकले होते गं. मेजर वाईट माणूस नाही. म्हणून तर कठीण आहे. पण दार मी उघडलं."

कुमुद, तेव्हा मी काय केलं? तुझं पांघरूण नीट केलं आणि विचारलं, "सूप घेतेस का थोडं?"

मला जे सांगायचं होतं ते हे. मी भात उकरत नव्हते. भात कधीच उकरून झाला होता. मी स्वयंपाकघराच्या हॉलकडे उघडणाऱ्या खिडकीशी उभी होते, गुडघे ठणकत होते, आणि मनात एकच होतं, हे संपू दे आणि मला बसू दे. तू म्हणालीस हात वर करा, आणि मी केला. भाताचा डाव हातात होता, डावासकट केला. शैलाने बघितलं, चिमणाताईंनी बघितलं. तुझी पाठ होती माझ्याकडे, म्हणून तू बघितलं नाहीस. फोनवर मी तुला माझ्या वाटचेही टोमणे मारले, तीन महिने अबोला धरला, आणि तू मरताना सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन गेलीस, कारण मी सूप विचारलं.

याची माफी मागायला आता कुणी उरलेलं नाही. मागून उपयोगही नाही. काहीतरी करायला हवं.

तुझ्या जाण्याच्या आठव्या दिवशी नोटीस आली. ईमेलने आली, मुलाने छापून दिली. रविवारच्या सभेत दोन ठराव. एक, मेजरसाहेब स्वतः सोडतील तोपर्यंत अध्यक्ष राहतील. दुसरा, मोजणी सोपी व्हावी म्हणून पुन्हा एका घराला एक मत. मी तो कागद तीनदा वाचला. त्यात पुरुष हा शब्द नाही, आता 'कुटुंबप्रमुख' लिहिलंय. मुलगा म्हणाला, "आई, मी तुला विचारूनच मत देईन ना." चांगला आहे गं पोरगा. मी म्हटलं, "बाळा, विचारायचं कशाला? माझं मलाच दे."

तुझ्या डॉक्टरांकडे गेले होते काल. ते म्हणाले, "सुशीलाबाई, मेजरने आमच्यासाठी इतकं केलं. मी त्याच्या विरुद्ध कसा जाऊ?" मी म्हटलं, "तुम्ही जाऊच नका, भाऊजी. तुम्ही त्यांनाच मत द्या. पण कुमुद असती तर तिचं कुणी दिलं असतं?" त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो होतो." इतकंच. माझ्याकडे न बघता.

मग शैलाकडे गेले, चिमणाताईंकडे गेले. दोघींना एका टेबलावर बसवलं, पोहे केले. शैला म्हणाली, "मावशी, लोक त्यांनाच निवडतील. सगळं छान चाललंय." मी म्हटलं, निवडू देत की. कागदावर नाव लिहून, प्रत्येकाने आपलं आपलं, एका वर्षासाठी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारून. मेजरसाहेब निवडून आले तर मी स्वतः हार घालीन. चिमणाताई म्हणाल्या, "आणि हात वर करायला सांगितलं तर?" मी म्हटलं, "पोट रिकामं असेल तर मीही करीन. माझा अनुभव आहे." तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांना माहीतच होतं. पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

आज सकाळी मेजरसाहेबांना फोन केला. म्हटलं, रविवारी जेवण आधी, सभा नंतर.

ते म्हणाले, "ताई, जेवण नेहमी सभेनंतर असतं. नोटीसमध्ये तसंच आहे."

मी म्हटलं, "मेजरसाहेब, स्वयंपाकघर अजून तुमच्या ताब्यात आलेलं नाही."

ते चक्क हसले. म्हणाले, "तुम्ही माझ्या विरुद्ध बोलणार आहात का?"

"आधी माझ्या स्वतःच्या विरुद्ध बोलणार आहे. मग तुमचा नंबर."

"वेळ किती लागेल?"

"दोन मिनिटांहून जास्त," मी म्हटलं.

तर असं आहे. बारा वाजता पानं मांडायची, एक वाजता चहा, आणि मग सगळे ढेकर देऊन बसले की मी उठणार. पहिलं वाक्य ठरलंय, मीही हात वर केला होता. दुसरं तुझं आहे, दार आतून उघडलं गेलं. पुढचं तिथे सुचेल. शब्द अडले तर अडू देत. तो एवढा सेनापती, सभेत शिरल्यावर त्याचीही बोबडी वळली होती असं तूच सांगितलंस, मी तर सातवी पास.

हरले तर पुढच्या वर्षी पुन्हा उठेन. पास आहे, गुडघे आहेत, बायका आहेत. आणि कागद वाटताना एक कागद मी तुझ्या खुर्चीवर ठेवणार आहे. कोरा. मोजायचा नाही तो, मला माहीत आहे, नियमात बसत नाही. तू असतीस तर कदाचित त्यावर मेजरसाहेबांचंच नाव लिहिलं असतंस, तुझं त्या सेनापतीवर मन होतंच. लिही की. मी भांडेन तुझ्याशी बुधवारी. पण लिहायचं ते तुझं तू लिही, कुमुद, तुझ्या हाताने.